मोठं रीळ आणि चार विटा

लेथखाली लोखंडाचा चुरा साठतो, तसे किस्से साठतात. संध्याकाळी झाडून काढा, सकाळी पुन्हा आहेतच! कुपवाडच्या आमच्या शेडमध्ये माझ्या दादाचे इतके साठलेत, की तो जाऊन दोन महिने झाले तरी झाडायला माझा हात उठत नाही. मी आठवी नापास. लिहिण्यात चुकलं तर सांभाळून घ्या.

* * *

दादानं एकदा भंगारातनं घरगुती फिल्म दाखवायचा प्रोजेक्टर उचलला. मोटर जाम, पट्टा गायब. आठवडाभर जेवणखाण विसरून त्यानं तो चालू केला, आणि मग लक्षात आलं, आपल्याकडे फिल्मच नाही!

वहिनी म्हणाली, "आता भिंतीवर काय उजेड बघायचा व्हय?"

पहिले दोन दिवस आम्ही खरंच उजेड बघितला. दादा म्हणायचा, "पण काय लख्ख पडतोय बघ!"

* * *

फिल्म आणली आबांनी. आबा म्हणजे पलूसचे रिटायर सुभेदार. पंपाचा पार्ट करायला आले, मशिन बघितलं आणि दुसऱ्या दिवशी पत्र्याची ट्रंक घेऊन एस.टी.नं हजर! आत त्यांच्या साहेबानं काढलेलं आबांचं लग्न, आणि पुढं आबांनी स्वतः काढलेलं बरंच काही. सगळी बारकी रिळं. एक रीळ तीन मिनिटांत खलास.

सुट्टीच्या दुपारी शेडचं शटर ओढून आम्ही बसायचो. तीन मिनिटं झाली की शटर वर, रीळ बदला, तोवर चहा. अक्षता पडेपर्यंत चार चहा झाले!

दादा म्हणाला, "आबा, खऱ्या लग्नात तरी एवढा चहा पाजला होता का?"

"लग्नात नुसतं गूळपाणी दिलं. त्याची भरपाई हितं चाललीय!"

फिल्म मुकी, त्यामुळं सगळ्यांचे आवाज दादा काढायचा. अक्षता पडल्यावर नवरी, म्हणजे आबांची मंडळी, आमच्या काकी, हळूच वळून काहीतरी बोलते. दादा बारीक आवाजात म्हणायचा, "आवं, फेटा सरळ करा की, लोक बघत्यात!"

शेड हसायची. आबा दर वेळी चिडायचे, "आसलं काय म्हणली न्हाई ती!"

"मग काय म्हणल्या?"

ते मात्र सांगायचे नाहीत. काकी जाऊन आठ-दहा वर्षं झालेली.

* * *

चहाला वैतागून दादानं ठरवलं, सगळे तुकडे जोडायचे आणि एकाच मोठ्या रिळावर चढवायचे. रीळ करायचं काम माझ्याकडं. म्हणाला, "आधी माप घे."

मी म्हटलं, "मोठं म्हणजे मोठं!" आणि पत्रा कापून मोकळा झालो.

मशिनवर चढवलं तर कड टेबलाला घासायला लागली. दादा म्हणाला, "रीळ केलंस का बैलगाडीचं चाक?"

मग मशिनखाली चार विटा घातल्या. घासायचं थांबलं, पण एवढा डोलारा मोटरला ओढेना. शेवटी दादानं स्वतः मापं घेतली आणि जेवायच्या ताटलीएवढी दोन रिळं केली. मला म्हणाला, "रीळ मशिनच्या हातात मावलं पायजे, तुझ्या डोक्यात न्हाई!"

विटा मात्र तशाच राहिल्या. मी म्हटलं, काढू का? तर म्हणाला, "ऱ्हाऊ दे. तुझी आठवण."

* * *

पुढं मोठं भरलेलं रीळ, मागं मोठं रिकामं. फिल्म पुढनं सुटते, मागं गुंडाळते. एवढं सोपं. आणि मी घाईत मागं जुनं बारकं रीळ लावलं! ते तीन मिनिटांत भरलं, आणि पुढची सगळी फिल्म भसाभसा जमिनीवर.

मी दोन्ही हातांनी कवळा मारून ती उचलणार, तेवढ्यात शेडमागच्या घरातनं आलेली वहिनी मागच्या दारातनंच ओरडली, "हात लावू नका भावजी! गुंता हुईल!"

वहिनी आष्ट्याची. उन्हाळ्यात शेवया वाळत घालायची काठी घेऊन आली आणि एकेक वेढा अलगद उचलून काठीवर घेतला. एक गाठ पडली नाही!

दादा आम्हाला म्हणाला, "आष्ट्याची पोरगी काय उगं केली व्हय?"

मग त्यानं भिंतीवर खडूनं लिहिलं: मागचं रीळ पुढच्याएवढंच लावणे. मूर्खांसाठी सूचना.

मूर्ख कोण, ते लिहायची गरज नव्हती.

* * *

तुकडे जोडलेही मीच, डब्यांवरचे नंबर न बघता. भिंतीवर आबा आधी रिटायर झाले, मग त्यांचं पोरगं रांगायला लागलं, मग लग्न!

मी म्हटलं, "आबा, सोडवून परत जोडतो."

आबांनी मला हातानं थांबवलं. म्हणाले, "नगं. शेवटाला ती येतीया. ऱ्हाऊ दे असंच."

* * *

दादा कामावरच गेला. छातीत कळ आली आणि तासाभरात संपलं. वहिनीनं त्यानंतर शेडमध्ये पाऊल टाकलं नाही. मी मशिनवर पोतं टाकलं, आणि एक दिवस जुनी मशिनं विकत घेणाऱ्या साताऱ्याच्या माणसाला फोनवर सांगून टाकलं, उद्या येऊन घेऊन जा. वहिनीला विचारलंसुद्धा नाही.

आबांना कुठनं कळलं कोण जाणे. त्याच दुपारी एस.टी.नं आले. "एकदा दाव. मग खुशाल दे कुणाला बी."

शटर ओढलं. पोतं काढलं. विटा जागेवरच होत्या. मोठं रीळ चढवलं, चालू केलं. आबा रिटायर झाले, पोरगं रांगलं. आवाज काढायला कुणी नाही, नुसती मशिनची घरघर. आणि पायाशी काहीतरी सळसळलं.

मी पुन्हा मागं बारकं रीळ लावलं होतं!

बटणाकडं हात नेला, तर अंधारात मागच्या दारातनं आवाज आला, "बंद करू नका, भावजी." वहिनी. हातात काठी, मशिनची घरघर ऐकून घेऊनच आलेली. खाली बसून एकेक वेढा उचलायला लागली. मान वर न करता म्हणाली, "त्या साताऱ्याच्या माणसाला येऊ नका म्हणावं."

भिंतीवर अक्षता पडल्या. नवरी हळूच वळली, तिचे ओठ हलले.

काठी धरून वहिनी म्हणाली, "आवं, फेटा सरळ करा की. लोक बघत्यात."

आबांचा हात वर गेला, आणि त्यांनी डोक्यावरची टोपी सरळ केली.