मोहाखालची अस्वलीण

सत्तर साल उलटून एक-दोन वर्षं झाली असतील. अंधेरीच्या आमच्या ऑफिसातला एक मित्र आणि मी, दोघं ताडोब्याला अस्वलांचे फोटो काढायला निघालो होतो. माझा कॅमेरा सेकंडहॅन्ड, रोल बारा फोटोंचा. निघायच्या दोन दिवस आधी आईनं भांडी घासता घासता विचारलं, मी आले तर चालेल का. वडील जाऊन वर्ष होत आलं होतं. तेवढ्या दिवसांत तिनं स्वतःहून काही मागितलं नव्हतं. मित्र काय म्हणेल याची मला धास्ती होती, पण तो सरळ म्हणाला, "आण ना रे, डबा तरी चांगला मिळेल."

जंगलात पोचल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे वनरक्षकानं आम्हाला मोहाच्या झाडासमोरच्या मचाणावर बसवलं. पदर खोचून शिडी आधी आईच चढली. खाली मोहाच्या फुलांचा सडा पडला होता, त्याचा गोड उग्र वास वरपर्यंत येत होता. उजाडलं तशी झुडपं हलली आणि अस्वलीण आली. पाठीवर दोन पिल्लं, तिच्या केसांत नखं रुतवून बसलेली. ती फुरफुर आवाज करत फुलं खाऊ लागली. ती वाकली की पिल्लं मानेकडे घसरायची, मग पुन्हा सरकत सरकत जागेवर.

मी फोटो काढत सुटलो. चौथ्या फोटोला खटका वाजला तशी तिनं मान वर केली आणि खायची थांबली. मी पुन्हा डोळा लावला, तर आईनं हात कॅमेऱ्यापुढे धरला.

"पुरे आता. खावंदे तिका," ती कुजबुजली. मग जरा वेळानं, "हिच्या नाकात दोरी नाय रे."

तिला ठाऊक असलेलं अस्वल म्हणजे बोरिवलीला आमच्या गल्लीत दरवेशी नाकात दोरी ओवून आणायचा ते. लहानपणी मी झोपेत दचकायचो, म्हणून तिनं मला त्याच्या पाठीवर बसवलं होतं, त्याच्या केसांचा ताईत गळ्यात बांधला होता. हे तिनं मला परतीच्या गाडीत सांगितलं. त्या अस्वलाच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते आपण पाहिलं होतं आणि तरी तुला बसवलं, असंही म्हणाली. मी तिचा हात धरून बसलो. भुसावळ येईपर्यंत ती बोलत होती, वडिलांबद्दलसुद्धा.

चारपैकी तीन फोटो वाया गेले. चौथ्यात झाडाखाली नुसता काळा गोळा, पिल्लांचा पत्ता नाही. मला लाज वाटली, पण आई तो घेऊन घरोघर फिरली. गोळ्यावर बोट ठेवून सांगायची, हे थोरलं, हे धाकटं, याला सारखी घसरायची खोड.

शेजारच्या काकूंनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "दिसतायत हो दोन्ही."