काकवीच्या रंगाचं रक्त

मुरुम गावात शिवपुत्र ड्रेसरचा हात लागला नाही असं जनावर एके काळी सापडायचं नाही. जनावरांच्या दवाखान्यातून तो रिटायर झाला आणि माणसं त्याला विसरली. बायको वारली, पोरगी अक्षदा पुण्यात. दारात रोज एकच माणूस यायचं. शेजारची हरणाबाई धार काढून झाली की त्याच्या पातेलीत पावशेर दूध ओतायची आणि "घ्या अण्णा" म्हणून निघायची. त्या दोन शब्दांवर गडी दिवस काढायचा.

हे दूध नऊ वर्षांपूर्वीच्या उपकाराचं. तिचा बैल कोवळी ज्वारी खाऊन पडला होता. दवाखान्यातले डॉक्टरसाहेब रजेवर, म्हणून शिवपुत्रनंच किराळाचं, म्हणजे कोवळ्या ज्वारीच्या विषावरचं, इंजेक्शन दिलं. बैल तासाभरात गेला. तरी तो दिवसभर बैलापाशी बसून राहिला, एवढ्यावर हरणाबाईनं त्याला देवमाणूस ठरवलं. साहेबांनी आल्यावर विचारलं, "रक्त कसं होतं?"

"काकवीसारखं, काळपट."

साहेबांनी दार लावून घेतलं. "मग किराळ नव्हतंच, त्यात रक्त लालभडक असतं. औषधानंच मेला तो. कुठं बोलू नको."

तो बोलला नाही. नऊ वर्षं दूध मात्र पीत राहिला, आणि ते त्याच्या घशाखाली कधी सुखानं उतरलं नाही.

यंदा श्रावणात हरणाबाईची गाय युरिया टाकलेल्या कडवळात, हिरव्या ज्वारीच्या चाऱ्यात, शिरली. अर्ध्या तासात गोठ्यात लडखडून पडली, तोंड उघडं टाकून धापा टाकू लागली. जमलेला जो तो म्हणे, किराळ लागलं! नवीन डॉक्टरीण मोनिका मॅडम आल्या, त्यांनीही किराळाचंच इंजेक्शन भरलं.

शिवपुत्रनं गायीच्या कानाला सुई टोचली आणि थेंब आपल्या पांढऱ्या टोपीवर घेतला. नेहमीचं रक्त वारं लागलं की लाल होतं. हे काकवीसारखंच राहिलं.

"मॅडम, थांबा. हे किराळ न्हाय."

"काका, ज्वारी खाल्लीय तिनं. तुम्ही एवढं खात्रीनं कसं सांगता?"

अनुभवानं, असं म्हणून सुटता आलं असतं. पण अनुभव काय, गावात सगळ्यांनाच असतो, आणि मॅडमची सुई गायीच्या मानेजवळ गेली होती. त्यानं हरणाबाईकडं बघितलं. तिच्या तोंडाकडं असं बघणं ही शेवटचीच वेळ, हे त्याला कळलं होतं.

"ह्याच इंजेक्शननं हरणाबाईंचा बैल मारलाय म्या. त्याचंबी रक्त असंच होतं."

मोनिका मॅडमनी टोपी उजेडात धरली आणि भरलेली सुई बाजूला ठेवली. "खरंय. चाऱ्यातलं नायट्राइट रक्तातल्या लोखंडाला बिघडवून बसलंय, जिवाला वारंच पोचत नाही. आणि किराळाच्या औषधात नायट्राइटच असतं. हे दिलं असतं तर गेलीच असती."

मग नायट्राइटवरचा उतारा म्हणून निळं औषध शिरेतून गेलं. तासाभरात गाय उठली. "चार दिवस दूध वापरू नका," मॅडम बजावून गेल्या. हरणाबाई गायीच्या पाठीवरनं हात फिरवत राहिली. त्याच्याकडं वळली नाही.

चार दिवस शिवपुत्रला आधार होता: दूध वापरायचंच नाही, मग आणणार कसं? पाचव्या दिवशी त्यानं पातेली घासून उंबऱ्यावर ठेवली.

ऊन वर आलं तशी हरणाबाई गाय घेऊन निघाली. सवयीनं गाय त्याच्या दारात थांबली. हरणाबाईनं दावं ओढलं.

शिवपुत्र रिकामी पातेली हातात धरून बघत राहिला. गायीची पावलं नीट पडत होती.