पुरे म्हण तिला

मी माझ्या आईला फसवलं. इंग्लंडातल्या स्लाऊ गावच्या एका डेंटल क्लिनिकमध्ये, तिच्या खुर्चीशेजारी उभं राहून.

आईने चाळीस वर्षं मिश्री लावली. दात काळे पडलेले, मुळांशी दगडासारखा थर. शनिवारी माझ्या मुलीचा साखरपुडा होता. ज्यांच्याशी भांडून-झगडून मी इथे धंदा उभा केला, ते सगळे येणार होते. त्यांच्यासमोर ते दात नकोत, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

दात साफ करणारी हायजिनिस्ट म्हणाली, हिरड्या नाजूक आहेत, भूल एका वेळी अर्ध्याच तोंडाला देता येते, दोन खेपांत करू. दुसरी खेप साखरपुड्यानंतरची. मी घासाघीस सुरू केली. समोरच्याचं पहिलं म्हणणं मी कधी मान्य केलेलं नाही. आवाजही चढवला. शेवटी ती कबूल झाली: भूल न देता आजच सगळं करून बघू, पण दुखलं तर आईंनी हात वर करायचा, मी थांबेन. मी ते आईला मराठीत समजावलं. तेवढं खरं सांगितलं.

अल्ट्रासॉनिक यंत्राचं टोक इतकं भरभर थरथरतं की डोळ्यांना स्थिरच दिसतं. पाण्याचा फवारा, बारीक किणकिण, आणि थराचे काळे कण पाणी ओढणाऱ्या नळीतून जाताना दिसत होते. मला बरं वाटत होतं. खालच्या दातांवर आल्यावर आईचा हात वर गेला. यंत्र लगेच थांबलं.

"अरे, पुरे म्हण तिला," आई म्हणाली. "कळ पार कानात जातेय."

हायजिनिस्टने माझ्याकडे पाहिलं.

"आई म्हणतेय, चालू ठेवा," मी इंग्रजीत सांगितलं.

यंत्र पुन्हा सुरू झालं. आईने डोळे वळवून माझ्याकडे पाहिलं. हात परत वर केला नाही.

साखरपुड्यात तिने नुसता दहीभात खाल्ला. सोमवारी मी क्लिनिकला फोन करून तासभर भांडलो, म्हाताऱ्या बाईला छळलंत म्हणून. त्यांनी शांतपणे नोंद वाचून दाखवली: पेशंटने हात वर केला, थांबलो, मुलाने विचारून चालू ठेवायला सांगितलं.

नोंद खरी आहे. पण ज्या माणसाने आधी अर्धा तास हुज्जत घातली, त्याच्याच शब्दावर विश्वास का ठेवलात? दुसरा दुभाषा का नाही बोलावला? याचं उत्तर मला लेखी हवं आहे. आणि आई, तू गप्प बसू नकोस. मी असं का केलं, ते मला विचार.