इब्राहिमभाईंनी दाखवलेला दोर

इब्राहिमभाई गेले त्याला आज सहा आठवडे झाले. त्या सकाळी ते माझ्यापासून चाळीसेक पावलांवर उभे होते आणि हातवारे करून मला आणखी मागे सारत होते. "अजून मागं, सायेब. अजून..."

सौदीत हुफूफ शहराच्या पुढे वाळवंटात आमचं पाइपलाइनचं काम चालतं. तिथे चाक रुततं. म्हणून पंप, जनरेटर, पाण्याची टाकी, अगदी आमच्या झोपायच्या खोल्याही बिनचाकी लोखंडी स्लेजवर चढवायच्या आणि बुलडोझरला पोलादी दोर बांधून ओढायच्या. मुक्काम हलला की अख्खी वस्ती वाळूवरून सरपटत निघते. दापोलीकडचे इब्राहिमभाई हे ओढकाम सांभाळत. मी सांगोल्याचा, घरातला पहिला पदवीधर, कागदावर त्यांचा साहेब. मला धड गाठही मारता येत नव्हती. "पुस्तकात दोर तुटत नाय ना, म्हणून तुमाला भ्या वाटत नाय," असं म्हणून ते हसत, आणि मग शिकवायला बसत. त्यांनी शिकवलं नसतं तर मी पहिल्याच महिन्यात परत गेलो असतो. शुक्रवारी ते पत्रा पुढून वाकवून त्यावर बसत आणि वाळूच्या टेकडीवरून घसरत येत, दाढी वाळूने भरलेली. एकदा मलाही मागे बसवलं. "यल्ला, सायेब! डोळं मिटू नका!"

कामावर मात्र ते हसत नसत. ओढण्याआधी रोज एक सुती चिंधी दोरावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत. आतली तार तुटलेली असेल तिथे धागा अडकतो. ते गेले त्या आठवड्यात धागे अडकू लागले. आधी दोन जागी, मग सात. शेवटी त्यांनी ती फाटून लोंबणारी चिंधी माझ्या टेबलावर आणून ठेवली.

मी वरिष्ठांना फोन केला. "नवा दोर दम्मामहून निघालाय. एवढी एक खेप काढ, पंप अडकलाय," ते म्हणाले. परवानगीच्या कागदावर सही माझी लागते. मी केली. इब्राहिमभाईंनी सही पाहिली, कागद घडी करून खिशात ठेवला आणि सगळ्या माणसांना लांब पाठवलं. ड्रायव्हरला खुणा करायला कुणीतरी पुढे लागतंच. ते स्वतः थांबले.

दोर ताणला. बारीक किणकिण ऐकू आली... मग एकच फटका.

गेल्या आठवड्यात दापोलीहून त्यांच्या पत्नीचा फोन आला. कंपनीने त्यांना फक्त अपघात झाला एवढंच कळवलं आहे. "भाऊ, तुमी तिथं होतात ना? दोर खराब हाय, हे कुणालाच ठाव नव्हतं?"

"नव्हतं, वहिनी," मी म्हणालो.

हे छापणारी वर्तमानपत्राची ही पुरवणी त्यांच्या घरी येते की नाही, मला माहीत नाही. कुणी वाचून दाखवली तर बरं. वहिनी, ठाऊक होतं. त्यांनी मला दाखवलं होतं.