अकलोलीच्या कुंडात मी काय बोलले

जवळ ये गं बाये. घरी फिरकत नाहीस, निदान या कागदापाशी तरी बैस, आणि चार बोलणी खा.

तुझं कवितांचं पुस्तक छापायला जाणार म्हणून तुझ्या आईने कच्ची प्रत आणून दिली. मी शाळेत गेलेली नाही, पुड्यांच्या कागदांवरून वाचायला शिकले. बोट ठेवून वाचते, त्यामुळे एक ओळ निसटत नाही. पहिल्या कवितेत तू डोंगरावर गेलीस, तिथे तुला तू सापडलीस. दुसरीत समुद्रावर, तिथेही सापडलीस. इतकी हरवतेस तरी कशाला? हल्लीच्या साऱ्याच कविता अशा. पाठीला पिशवी, समोर कॉफी, की झालं माणूस शहाणं. ओळीत दोन शब्द, खाली अर्धं पान कोरं.

तेही चालवून घेतलं असतं. पण पुढे मी आले. ‘लूमच्या गाण्यावर जगलेली आजी, तिचा प्रवास चुलीपासून उंबरठ्यापर्यंत.’ लूमचं गाणं म्हणे!

लग्नाआधी मी यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या भरायचे, म्हणजे धोट्यात बसवायच्या नळ्यांवर सूत गुंडाळायचं. शेजारी लूम असे धडधडत की बाजूच्या बाईच्या कानाला तोंड लावून ओरडावं लागे. घरच्यांनी लग्न ठरवलेलं. मुलगा मला पसंत नव्हता, पण हे कुणापाशी बोलले नव्हते. एकदा सुट्टीला मैत्रिणीबरोबर एसटीने वज्रेश्वरीला गेले. घरच्यांवाचून पहिल्यांदाच. दर्शन झालं आणि अकलोलीला गरम पाण्याच्या कुंडात उतरलो. अंग सैल पडलं, तशी जीभही. मैत्रिणीच्या कानाला तोंड लावून मी गुपित सांगितलं,

“मला तो नवरा न्हाय करायचा. आईला इचारल्याबिगर पाणी पन पीत न्हाय तो.”

आमचं गुपितही कारखान्याच्याच आवाजातलं. कुंडातल्या साऱ्या बायका वळून बघायला लागल्या. त्यांतली एक मुलाची आत्या निघाली. पाण्याबाहेर येऊन पदर पिळत म्हणाली, “आयकलं गो बाय. सगल्या अकलोलीनी आयकलं.”

परतीच्या बसमध्ये मैत्रीण रडत होती. मी नाही. मी तिथे कुणाला सापडले-बिपडले नाही. घरी जाऊन बापाला तोंड दाखवायचं होतं, एवढंच कळत होतं. बाप आठ दिवस बोलला नाही. लग्न मोडलं. पुढे तुझ्या आजोबांना लग्नाचं मीच विचारलं, लूमांच्या मधे उभं राहून, ओरडून.

तुझ्या कवितांमध्ये सगळे निघतात, परत कुणीच येत नाही. म्हणून त्या मला पोकळ वाटतात. एक ओळ मात्र खरी आहे, बसमध्ये आईचा फोन वाजत राहिला आणि तू उचलला नाहीस, ती. ती ठेव. उंबरठ्याची ओळ खोडून टाक. एकदा छापली की सगळ्या अकलोलीने ऐकल्यासारखंच, मागे घेता येत नाही.

तेव्हा छापायला जायच्या आधी ये. वाटेत मानकोलीला ट्रकांची रांग लागते, सकाळी लवकर निघ. आपण दोघी कुंडावर जाऊ. या रविवारीच ये, बाये.