देवमननं टोपलं उचललं नाई

देवमन माया लहान्या बहिनीचा नवरा. मानूस लय हट्टी. म्या त्याले तोंडावर शिव्या देल्या हायेत. पन आज सांगतो, शेलूबाजारच्या आजूबाजूले तसा मानूस दुसरा नाई झाला.

जवानीत तो गुजरातेत, अंकलेश्वरच्या तेलाच्या विहिरींवर पाइप जोडाच्या कामाले होता. तथी तेलासंगं जमिनीतून गॅस निंघे, अन् उंच नळाच्या टोकावर दिवसरात नुसता जळत राहे. "भाऊ," तो मले सांगे, "त्या जाळावर आक्खा शेलूबाजार जेवला असता. अन् अथी तुमची बहीन धुरात मरून राह्यली."

खोटं नव्हतं ते. भागिरथाले दमा होता. चुलीपाशी बसली का खोकून खोकून निळी पडे. पंच्याहत्तर साली मंगरूळपीरच्या डॉक्टरनं साफ सांगतलं, "धूर बंद करा, नाईतर बाई हाती लागनार नाई." देवमन काम सोडून घरी आला अन् आंगनात गोबरगॅसचा खड्डा खंदाले लागला. शेन-पानी कालवून खड्ड्यात टाकाचं, वरून लोखंडाची टाकी उलटी घालाची; शेन सडून जो गॅस निंघते तो टाकीत कोंडाचा अन् नळीनं शेगडीत आनाचा.

महिन्याभरानं काडी लावली. काईच नाई! टाकी गॅसनं वर याले पाह्यजे, ते खालीच बसलेली. लोकं हासले, मीही हासलो. देवमननं साबनाचा फेस केला अन् एकेका जोडावर लावत गेला. एका जोडावर बुडबुडे आले. "हा पाहा, अथून पळून राह्यला," म्हने. सुतळी अन् सफेदा भरून त्यानं जोड आवळला. चौथ्या दिवशी निळा जाळ लागला. धुराचा पत्ता नाई, बाप्पा!

पन चहा झाला अन् जाळ इझला. दोन बैलांच्या शेनात कितीक गॅस होनार? सैपाकाले पाच-सहा जनावरांचं शेन लागे, अन् तेवढे जनावरं गावात दौलतराव पाटलाच्याच गोठ्यात.

देवमन तथी गेला, हे कळल्यावर मायं डोस्कं भडकलं. आमच्या बापांनी छप्पन साली धम्म घेतला तवाच ठरोलं होतं, दुसऱ्याच्या गोठ्यातलं शेनाचं टोपलं डोक्यावर घेनार नाई. मी भर गल्लीत बोंबललो, "लाज वाटत नाई का बे तुले?"

तो शांत. "टोपलं मी उचलनार नाई, भाऊ. अन् तुमच्या बहिनीलेही मरू देनार नाई."

दौलतरावले त्यानं सांगतलं होतं, शेन तुमच्या गाडीनं माया आंगनात टाका. गॅस काढून झाला का तेच खत म्हनून वापस न्या, पयल्यापेक्षा चांगलं. दौलतराव उसळला. "देवम्या, तुया दारी मी शेन आनून टाकू?"

"नका आनू. पन सालदाराले पाठोन एक डबा खत न्या. मेथीच्या एका वाफ्यात हे टाका, बाजूच्यात तुमचं शेनखत. मंग बोला."

डबा गेला. हप्त्यामागं हप्ते गेले, गाडी काई येईना. चहा गॅसवर, सैपाक चुलीवर. हिवाळ्यात एका सकाळी भागिरथा चुलीपुढंच आडवी झाली. तिले श्वास घेता येईना. मायं सारं तत्त्व गेलं उडत! मीच टोपलं घेऊन दौलतरावच्या गोठ्याकडं निंघालो. मी, तो गल्लीत बोंबलनारा! देवमननं मले रस्त्यात धरलं. त्याच्या डोयात पानी होतं, पन टोपलं त्यानं हिसकून खाली ठेवलं. म्हने, "चूल आजपासून बंद. फुटाने खाऊन राहू." मी त्याले कसाई म्हनलो. पाच दिवस नवरा-बायको फुटान्यावर अन् चहावर राह्यले.

सहाव्या दिवशी गल्लीत बैलगाडी शिरली. दौलतराव सोता हाकत होता, मांगं शेनाचा ढीग. हातात मेथीच्या दोन जुड्या. एक वीतभर हिरवीगार, दुसरी बोटभर. वीतभर जुडी त्यानं देवमनपुढं धरली.

"देवमनभाऊ," तो म्हने, "शेन कुठी टाकू?"

आमच्या गल्लीत त्यानं कोनाले भाऊ म्हनलेलं मी पयल्यांदाच आयकलं.

पंधरा दिवसांनी भागिरथानं आक्खा सैपाक गॅसवर केला. फुंकनी सवयीनं हातातच होती तिच्या. वरन झालं, भाकरी झाल्या. ती एकदाही खोकलली नाई. मले राहावलं नाई. मी वयानं मोठा, तरी देवमनच्या पायाशी वाकलो.

त्यानं मले दंडाले धरून उभं केलं. "वाकाचं नाई, भाऊ," म्हने. "जेवाले बसा."