तळं वाचलं, आणि एका बापाने विचारलं

मित्रांनो, सभा संपून दोन तास झाले, तरी मी तळ्याच्या काठावरच बसलेय. पाण्यावर कलतं ऊन तरंगतंय. उठावंसंच वाटत नाही.

आज उदगीरजवळच्या या गावाने ग्रामसभेत ठरवलं, तळं बुजवून दुकानांचे गाळे बांधायचे नाहीत. त्यासाठी आम्ही दोन वर्षं घरोघरी फिरत होतो. हात वर झाले आणि माझे डोळेच भरून आले.

कॉलेजात असताना एनएसएसच्या शिबिरात याच तळ्यातली जलपर्णी काढायला आले होते, तेही सर्टिफिकेटसाठी. चिखलात उभी होते आणि एक बगळा अगदी हाताशी येऊन उतरला. मन तिथेच राहिलं. आज अशा मोहिमा चालवणं हीच माझी नोकरी आहे.

सभेनंतर एक शेतकरी काका जवळ आले. "ताई, आमची पोरगी बी कॉलेजातून झाडं लावत फिरायलीय. तुमच्यावानी काम करायचं म्हणते. ह्याच्यात पोट भरतं का?"

"भरतं काका, पण उशिरा. माझे बाबा चार वर्षं माझ्याशी बोलत नव्हते."

त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. मग म्हणाले, "लई अवघड हाय. पण मी अबोला न्हाई धरणार."

तुमची मुलगी असं म्हणाली, तर तुम्ही काय म्हणाल?